बंद गावातली डफावरची थाप

(जऊळका, जि. वाशीम येथील बैठकीतील भाषण)



आपण कापसाच्या भावावर बोलायला जमलो आहोत. ते बोलणं माझ्यामागून येणारे वक्ते करणारच आहेत. मला दिलेला वेळ मी डफ, संबळ, पोळ्याच्या झडत्या आणि भिंतीवर रंगवलेली अक्षरं यांवर घालवणार आहे. मागं बसलेले काका हसताहेत. त्यांना वाटतं, याला भाषणाची तयारी करायला वेळ मिळालेला दिसत नाही. काका, हा विषयसुद्धा शेवटी भावाचाच आहे. थोडा दम धरा.

2020 सालचा मार्च महिना आठवा. 22 तारखेला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी 5 वाजता ताट-वाट्या वाजल्या. 24 तारखेला रात्री 8 वाजता जाहीर झालं की मध्यरात्रीपासून सगळा देश बंद. या जऊळक्याच्या स्टेशनावरून प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाड्या थांबल्या. मालेगाव, वाशीम, अकोला, सगळीकडचे बाजार थांबले. आणि आपल्या घरात काय होतं? शेवटच्या वेच्याचा कापूस. लांब धाग्याच्या कापसाला सरकारचा हमीभाव होता 5,550 रुपये, पण सरकारी खरेदी बंद. गावात येणारा खेडा खरेदीवाला त्याहून पुष्कळ खाली मागायचा. खरेदी पुन्हा सुरू झाली एप्रिलच्या अखेरीस आणि गाड्यांच्या रांगा पावसाळा तोंडावर येईपर्यंत हलल्या नाहीत. तोवर कापूस माजघरात आणि माणसं ओसरीवर. ज्याच्या घरात उन्हाळाभर कापूस भरलेला असतो, त्याच्या लेकरांच्या अंगाला काय खाज सुटते हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

त्यात रोगाची भीती. लग्नाला 50 माणसं, मयतीला 20. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि आडवी लावलेली बंडी. पोटचा पोरगा पुण्याहून चालत आला तर त्याला शाळेच्या खोलीत 14 दिवस. आजे-पणजे 1918 च्या मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगत गेले. त्या गोष्टी म्हणजे आपल्या घरचं वर्तमान होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

अशा वेळी माणसाला धीर कशानं आला, याचा मी पुष्कळ विचार केला. टीव्हीनं तर नाहीच आला. टीव्हीनं चोवीस तास घाबरवलं. सरकारी पत्रकं आली, त्यात काय करू नका याची यादी होती. धीर आला तो दुसरीकडून. कित्येक गावांत देऊळ बंद झालं तेव्हा माणसं आपापल्या दारात उभी राहून एकाच वेळेला हरिपाठ म्हणू लागली. या आळीचा टाळ त्या आळीला ऐकू जायचा. इटलीत त्याच मार्चमध्ये लोक आपापल्या सज्जात येऊन गात होते आणि जगभर त्याचं कौतुक झालं. आपल्या दारातल्या टाळाचं चित्र कोणी काढलं नाही, पण काम तेच होतं. शेजारचा जिवंत आहे, गातो आहे, एवढं कळणं त्या दिवसांत पुरेसं होतं.

त्या वर्षी आषाढी एकादशी 1 जुलैला होती. गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघते ती आपल्या जिल्ह्यातून, मेडशी, शिरपूर, रिसोडच्या वाटेनं जाते. पेरणीच्या धांदलीतही माणूस तिफण सोडून रस्त्याच्या कडेला येतो. 2020 साली ती पायी पालखी निघाली नाही. आळंदी-देहूच्या पादुकासुद्धा एस.टी.त बसून पंढरपूरला गेल्या. पादुका पोचल्या हे खरं, पण आमच्या वाटेवर टाळ वाजला नाही. त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं ठिकठिकाणी उगवलं नाही, दुबार पेरणी झाली, आणि रडायला सुद्धा दिंडी नव्हती.

आता भिंतीचं सांगतो. सोलापूरला नीलमनगर नावाचा भाग आहे. कापडाच्या धंद्यातल्या कामगारांची वस्ती. आपला कापूस सूत होऊन तिकडच्या मागांवर जातो, म्हणजे तसे आपले सोयरेच. 2020 साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेलं. ज्या घरात एकच साधा फोन आहे आणि तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या घरातल्या लेकरानं काय करायचं? तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंती मागितल्या. त्यांवर धडे रंगवून घेतले. मुळाक्षरं, पाढे, व्याकरण, गणिताची सूत्रं, विज्ञानाच्या आकृत्या. एकदोन नाही, सुमारे 300 भिंती. पोरं गल्लीतून अंतर ठेवून फिरायची, एका भिंतीपुढं थांबायची, वहीत उतरवायची, पुढच्या भिंतीकडं जायची. आईबापांनाही येता-जाता ती अक्षरं दिसायची. ज्या काळात शहरांमधून चौकाचौकांत डांबरावर काटेरी विषाणूचा राक्षस रंगवून लोकांना दरडावलं जात होतं, त्या काळात या लोकांनी त्याच रंगानं आपल्या पोरांसाठी पाढे लिहिले. मला विचाराल तर टाळेबंदीतलं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोलाचं चित्र हेच. ते काही प्रदर्शनात लागणार नाही. पावसानं धुऊन जाईल, कोणी वरून चुना फासेल. पण त्या वर्षी ते कामाला आलं.

भिंत आपल्यालाही नवी नाही. आंदोलनाच्या काळात गेरू आणि चुन्याची बादली घेऊन रात्र-रात्र भिंती रंगवणारी माणसं याच बैठकीत बसली आहेत. भिंतीवर लिहायला कोणाची परवानगी लागत नव्हती, घरधन्याची तेवढी लागायची. आणि छापखाना उधार देत नसे तेव्हा भिंत उधार मिळे.

पण कास्तकाराची खरी रस्त्यावरची कला म्हणजे पोळ्याची झडती. नव्या पोरांसाठी सांगतो. तोरणाखाली बैल उभे राहतात, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. मग एक जण पुढं होतो आणि हात वर करून झडती म्हणतो. शेवटी महादेवाचा गजर होतो आणि दुसरा पुढं होतो. पहिल्याची टोपी दुसरा उडवतो. सावकार, पाटील, तलाठी, आमदार, कापसाचा भाव, बायकोचा स्वभाव, त्यातून काही सुटत नाही. वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली घालावी लागते त्याला त्या दिवशी त्याच्या तोंडावर सुनावता येतं आणि त्याला हसावं लागतं. झडती लिहिणारा कवी कोण ते कोणालाच ठाऊक नसतं. ती गावाची असते. काही जण बैलाच्या पाठीवरच गेरूनं मागणी लिहितात. बैल काही बोलत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

2020 चा पोळा 18 ऑगस्टला आला. तोरण बांधायचं नाही, गर्दी करायची नाही, बैल घरीच पुजायचे असा हुकूम होता. हुकूम रास्त होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण झडत्या बंद पडल्या का? नाही. माझ्या मोबाईलवर त्या आठवड्यात कितीतरी आल्या. कोणी गोठ्यात उभं राहून म्हटलेली, कोणी बांधावर. मास्कवर, न उगवलेल्या बियाण्यावर, घरातच पडून राहिलेल्या कापसावर, ताट वाजवण्यावर. एकीत तर रोगाचीच टोपी उडवली होती. ज्या दुःखावर आपण झडती म्हणू शकतो ते दुःख आपल्यापेक्षा मोठं नसतं. माझ्या घरात पाच महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला तो त्या दिवशी.

इथवर ठीक. आता भावाचा मुद्दा.

हरिपाठ आपला, झडती आपली, त्याचा खर्च नाही. पण त्या दीड वर्षात आपण मोबाईलवर जे जागरण-गोंधळ ऐकले, जी भारुडं, शाहिरी, लावणी, भीमगीतं ऐकली, ती म्हणणारी माणसं त्या वेळी काय खात होती, हे किती जणांनी विचारलं? छगन चौगुले यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी गायलेल्या खंडेराया-बानूच्या गाण्याशिवाय वरात निघत नसे. ते 21 मे 2020 रोजी या रोगानं गेले. तमाशातल्या कांताबाई सातारकर 2021 च्या मे महिन्यात अशाच गेल्या. ही नावाजलेली माणसं म्हणून बातमी तरी आली.

तमाशाच्या फडाचा हिशोब ऐका, आपल्या हिशोबासारखाच आहे. फडमालक दसऱ्याच्या आधी कर्ज काढतो. त्यातून कलावंतांना उचल देतो, गाड्या, कनाती, कपडे तयार करतो. ही त्याची पेरणी. हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण पीक हाती येतं ते गुढीपाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या जत्रांत. पुणे जिल्ह्यात नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. 2020 चा गुढीपाडवा कोणत्या तारखेला होता? 25 मार्च. टाळेबंदीचा पहिला दिवस. म्हणजे कणसात दाणा भरला आणि त्याच दिवशी गारपीट. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला, आणि 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. मोठ्या फडात शे-सव्वाशे माणसं असतात. आपल्याकडं गारपीट झाली तर तलाठी निदान पंचनाम्याला येतो, कर्जमाफीचं निदान नाव निघतं. ढोलकीच्या पंचनाम्याला कोण येणार?

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 56,000 कलावंतांना प्रत्येकी 5,000 रुपये एकदाच देण्याचा निर्णय घेतला. मार्च 2020 पासून मोजले तर 17 महिने झाले होते. पाच हजाराला सतरानं भागा. महिन्याला 300 रुपयेसुद्धा पडत नाहीत, दिवसाला 10 रुपयेसुद्धा नाहीत. असे भागाकार आपण कापसाच्या बाबतीत नेहमी करतो, म्हणून म्हटलं एकदा दुसऱ्याच्याही बाबतीत करून पाहावा.

आणि सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येत नाही. वासुदेव, गोंधळी, डवरी, जोशी, पोतराज, बहुरूपी यांना जमीन नव्हती. त्यांचा वाटा आपल्या खळ्यावर होता. ज्वारीची रास लागली की सूपभर दाणे त्यांच्या झोळीत पडायचे. आता ज्वारी कमी झाली. जी आहे ती मळणी यंत्रातून थेट पोत्यात जाते. खळंच राहिलं नाही, मग खळ्यावरचा वाटा कुठला? आपण ज्वारीचं पीक सोडलं ते भाव नाही म्हणून, आणि आपल्याला त्याचं कारण देता येतं. पण आपल्या त्या निर्णयात कोणाकोणाची भाकर गेली, हे कधी मोजलं गेलं नाही. टाळेबंदीत तर वेशीवरच पाटी लागली की बाहेरच्यांना बंदी. जो फिरण्यावरच जगतो तो कायमचाच बाहेरचा. आणि ही भीती रोगानं आणली असंही नाही. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोरं पळवणारी समजून, जमावानं ठेचून मारली. ती भिक्षा मागायला आलेली माणसं होती. ज्याच्या आवाजानं आपली पहाट व्हायची, त्याला ओळखेनासे झालो आपण.

कोणी म्हणेल, कलेचे कसले पैसे? गाडगेबाबांनी कीर्तनाचे पैसे घेतले का? नाही घेतले. पण बाबांनी 1905 साली घर सोडलं होतं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. ज्याला मागं-पुढं प्रपंच ठेवायचा नाही त्यानं फुकट गावं, तो त्याचा अधिकार. ज्याच्या घरात लेकरं आहेत, म्हातारी आहे, त्याला बाबांचं नाव सांगून फुकट गायला लावणं ही आपली लबाडी आहे. 'शेतकरी अन्नदाता आहे, त्यानं देशासाठी स्वस्तात पिकवावं,' हे ऐकून आपल्या अंगाचा तिळपापड होतो की नाही? मग 'कलावंत देवाची सेवा करतो' हे त्याच जातीचं वाक्य आहे. लग्नात डी.जे.वाल्याला मागेल ती रक्कम मोजायची आणि सनईवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, हे आपल्या आळीत रोज होतं. डी.जे.वाला यंत्राचं भाडं सांगतो म्हणून आपण गप्प बसतो. सनईवाल्याच्या फुफ्फुसाचं भाडं कोणी धरत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे. आपल्या जिल्ह्यात जिथं पोळ्याला, जत्रेला, जयंतीला वर्गणी होते, तिथं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची बिदागी आधी ठरवायची आणि मांडवाच्या खर्चाआधी द्यायची. शाळेच्या, समाजमंदिराच्या भिंती रंगवायच्या असतील तर जवळपासच्या पेंटरला मजुरी देऊन रंगवायच्या. डिजिटल बॅनर छापून घेण्यापेक्षा ते फार महाग पडत नाही.

आणि दुसरं, तातडीचं. वयानं 50 च्या पुढं गेलेल्या कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे. 2024 पासून महिन्याला 5,000 रुपये मिळतात. पुष्कळ भजनी, गोंधळी, दंडार-खडी गंमतवाले यांना त्याची माहितीच नाही. माहिती आहे त्यांच्याकडं कागद नाहीत: कुठं कार्यक्रम केला त्याचा दाखला नाही, जुनं पत्रक नाही, फोटो नाही. दाखला देणारे आपणच आहोत. त्याचा कार्यक्रम आपण पाहिला आहे. गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी एक दिवस मोडून त्यांचे अर्ज भरून द्यावेत आणि पंचायत समितीत चौकशी करावी. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या गावातल्या अशा माणसाचं नाव, तो काय वाजवतो किंवा म्हणतो, आणि तुमचा स्वतःचा फोन नंबर, एवढं जेवायला उठताना तिच्यात लिहून जा. वही शिरपूरच्या मंडळींकडं राहील. आता कापसाच्या भावावर बोलायला पुढच्या वक्त्यांना बोलावतो.