नाट्यगृहाचा खर्च आणि मार्केट यार्डातला माणूस

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "पुण्याचं नाट्यगृह पाडा नाहीतर बांधा, आमचा काय संबंध? आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घालतो, पट्टी घेतो आणि मिळेल ती एसटी धरून गाव गाठतो. नाटकाला थांबायला सवड कोणाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तो बाजूला न सारता त्याच्यापासूनच सुरुवात करू.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, मुठेच्या काठी, बालगंधर्व रंगमंदिर आहे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे नटसम्राट बालगंधर्व यांचं नाव त्याला दिलेलं आहे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्याच हातून झालं. इमारत पुरी होण्याआधीच, १९६७ च्या जुलैत, ते निवर्तले. पुढे २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उद्घाटन झालं. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या रंगभूमी जाणणाऱ्या माणसाचा सल्ला या कामी महापालिकेने घेतला होता.

त्या तारखा जरा ध्यानात घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्याला सव्वा वर्ष होतं न होतं तोच नाट्यगृहाची कुदळ पडली. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. 'आधी पोटोबा, मग विठोबा' असं आपल्याकडे म्हणतातच.

पुढे २०१८ साली त्याच रंगमंदिराचा पुनर्विकास करायचा विषय महापालिकेच्या अंदाजपत्रकात आला, आणि वाद सुरू झाला. एक बाजू म्हणते, "इमारत जुनी झाली. गाड्या लावायला जागा पुरत नाही. एका सभागृहाच्या जागी अनेक सभागृहं होतील, तर कलावंतांचीच सोय आहे." दुसरी बाजू म्हणते, "चांगली भक्कम वास्तू पाडता कशाला? डागडुजी करा. नवं बांधायच्या नावाखाली जागेचा बाजार होऊ नये." तिसराही एक आवाज आहे. तो म्हणतो, "शहरात इतर नाट्यगृहं आहेत, त्यांची स्वच्छतागृहं आणि ध्वनियंत्रणा आधी धड करा, मग नव्याचं बोला." तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

पण या सगळ्या वादात चौथा आवाज फारसा ऐकू येत नाही. तो म्हणजे बाहेरगावच्या माणसाचा. आता तुम्ही विचाराल, त्याने बोलावं कोणत्या नात्याने? तर पैशाच्या नात्याने.

बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं त्या काळात महापालिकेच्या उत्पन्नाचं एक मोठं साधन होतं जकात. शहरात माल शिरायचा तो नाक्यावर जकात भरून. ती कधी खाणाऱ्याच्या खिशातून गेली, कधी पिकवणाऱ्याच्या भावातून कापली गेली. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यातली जकात बंद झाली आणि स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. महापालिकांचं जे उत्पन्न त्यामुळे बुडालं, त्याची भरपाई राज्य सरकार आपल्या तिजोरीतून देऊ लागलं. ही तिजोरी कोणाची? तुम्ही गावच्या दुकानात साबणाची वडी घेता, ट्रॅक्टरला टायर घेता, त्यावरच्या कराचा वाटा त्याच तिजोरीत पडतो. तेव्हा शहरातलं नाट्यगृह हे निव्वळ शहरवाल्यांच्या पैशाचं असतं, असं कोणी सांगू लागला तर त्याला हा हिशेब जरूर सांगावा.

बरं, पैसा आपलाही आहे म्हणून तो नाटकावर खर्चूच नये, असं म्हणायचं का? इथे आपल्या गावचीच रीत पाहा. जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावची पंच मंडळी, जत्रा कमिटीवाले तिथे येतात, फड पसंत करतात, सुपारी ठरवतात. तो पैसा येतो घरटी वर्गणीतून. गरीब घर थोडं देतं, बागायतदार जास्त देतो, आणि रात्री सगळेच एका मैदानात बसतात. त्या वर्गणीवर गावात वाद होत नाहीत का? होतात की! कोणी म्हणतो, शाळेची कौलं आधी बदला. कोणी म्हणतो, वर्षातून एक रात्र तरी माणसाने हसावं. पण वाद चावडीवर होतो, हिशेब चावडीवर वाचला जातो, आणि ज्याने वर्गणी दिली त्याला मैदानात जागा मिळते. सार्वजनिक पैशातून कला पोसायची ही आपली जुनी पद्धत आहे, आणि तिच्यातला चोखपणा महापालिकेनेही घ्यावा असा आहे.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. ज्या शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं, त्यांनीच शहरात नाट्यगृह बांधलं आणि त्याच्या शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान केलं. शेताला पाणी, अंगाला तालीम आणि मनाला नाटक, या तिन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. तेच नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक हळहळले आणि ते पुन्हा उभं करा म्हणून मागणी झाली. यातून एक गोष्ट शिकायची. नाट्यगृह एकदा बांधलं की काम संपलं असं होत नाही. विजेच्या तारा, पडदे, छप्पर, आग विझवण्याची साधनं, यांकडे बारमाही लक्ष लागतं आणि त्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढावा लागतो. बैल घेताना कडब्याचा विचार करतो, तसंच आहे हे.

आता पुन्हा मार्केट यार्डात या. तिथली शेड, काटा, दिवाबत्ती कोणा एका शेतकऱ्याने किंवा आडत्याने बांधलेली नाही. बाजार फी जमते आणि त्यातून सर्वांची सोय होते. तिथे तुम्ही हक्काने विचारता, 'फी घेता, तर मालाला सावली कुठे आहे?' हाच प्रश्न नाट्यगृहाबद्दल विचारायला संकोच कशाचा?

माझ्या मते चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. पहिली, बांधकामाच्या खर्चाबरोबर पुढच्या देखभालीची तरतूद केली आहे काय? दुसरी, ठरावीक तारखा लोककलावंतांना, हौशी संघांना आणि शाळांना परवडेल अशा भाड्यात राखून ठेवणार काय? तिसरी, बाहेरगावच्या प्रेक्षकाला खेळ पाहून शेवटची गाडी मिळेल अशा वेळेला काही प्रयोग लागतील काय? आणि चौथी, गाळे, वाहनतळ, भाडं यांचा जमाखर्च लोकांपुढे मांडला जाईल काय? या चारही प्रश्नांना होय असं उत्तर लेखी मिळत असेल, तर खर्चाला माझा पाठिंबा आहे. टाळाटाळ होत असेल, तर आहे ती वास्तू दुरुस्त करून नीट वापरावी, हेच शहाणपणाचं.

एक उदाहरण मुद्दाम देतो. मार्केट यार्डाच्या बाजूलाच असलेल्या बिबवेवाडी भागात अण्णा भाऊ साठे यांच्या नावाचं सभागृह आहे. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. गावातून निघाले, मुंबईत कष्टाची कामं केली आणि तमाशाच्या बाजातून लोकनाट्य उभं केलं. त्यांच्या नावाच्या सभागृहात यार्डातल्या हमालाची, तोलणाराची, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याची पोरं बसलेली दिसली, तर त्या नावाचं चीज झालं असं म्हणता येईल.

शिक्षक मित्रांना शेवटी एक विनंती. हा विषय वर्गात वादासाठी घ्या. सातवी-आठवीच्या मुलांचे दोन गट करा. एकाने नव्या नाट्यगृहाची बाजू मांडावी, दुसऱ्याने दुरुस्तीची. मग दोन्ही गटांना आपल्याच गावच्या जत्रेचा जमाखर्च मांडायला सांगा: वर्गणी किती, सुपारी किती, मांडवाला किती, शिल्लक किती. अंदाजपत्रक म्हणजे काय हे मुलांना त्या दिवशी समजेल, आणि मोठेपणी ती नगरपालिकेला, ग्रामसभेला हिशेब विचारताना बिचकणार नाहीत. जमलं तर शाळेच्या ओट्यावर एक छोटं नाटकही बसवा. रंगमंचावर एकदा उभं राहिलेल्या मुलाला नाट्यगृहावर पैसा का खर्चायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या खेपेला यार्डात माल विकल्यावर हातात वेळ उरलाच, तर शहरातल्या एखाद्या नाट्यगृहात डोकावून या. आत काय लागलं आहे, तिकीट किती आहे, बसायची सोय कशी आहे, सारं पाहा आणि गावात येऊन सांगा. त्यात आपलाही पैसा आहे.