आपली वेळ कोणती?



आपले काम कोणत्या प्रहरी उत्तम होते हे ज्याने त्याने ओळखावे, असे म्हणतात. ते खरेच आहे. शरीरातले घड्याळ कसे चालते हे उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याने आपली वेळ शोधावी कशी? शरीर रात्रपाळीला रुळते न रुळते तोच सकाळची पाळी दारात उभी!

आम्ही शाळा अर्धवट सोडलेले. जे काही वाचले ते दुसऱ्या पाळीहून परतल्यावर, घर निजल्यावर. ती आमची वेळ. पाळी फिरली की पुस्तक मिटे.

नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. वेळही मागूनच मिळते, मंडळी. म्हणून मागणीपत्रात पगारवाढीशेजारी पाळीचेही कलम घाला : पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी, अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला कमी जाचते, तीच द्यावी, आणि पाळीपत्रक आधी लावावे.

आधी वेळ आपली होऊ द्या. मग त्यातली उत्तम कोणती, ते आपण पाहू.