आपल्या गप्पा, त्यांचा प्रबंध



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, संशोधक नाही. पण संशोधकांच्या हाती डेटा कसा येतो, ते मला ठाऊक आहे. एक छोटा प्रोग्राम लिहिला की एखाद्या खुल्या गटातल्या हजारो पोस्टी रातोरात उतरवून घेता येतात. गटात कुणाला पत्ताही लागत नाही.

रेडिटवर ‘चेंज माय व्ह्यू’ नावाचा गट आहे. आपण मत मांडायचं, इतरांनी ते बदलून दाखवायचं. एप्रिल 2025 मध्ये या गटाच्या चालकांनी सदस्यांना एक धक्कादायक गोष्ट सांगितली. झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी काही महिने एआयकडून लिहून घेतलेल्या 1,700 हून जास्त प्रतिक्रिया तिथे टाकल्या होत्या, कुणालाही न सांगता. एक यंत्र बलात्कारातून वाचलेली व्यक्ती बनून बोलत होतं, तर दुसरं ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ला विरोध करणारा कृष्णवर्णीय पुरुष बनून. समोरच्याच्या जुन्या पोस्टींवरून त्याचं वय, वंश, राजकीय कल ताडून उत्तरं बेतली जात होती. आपण मनातलं काही बोलावं, समोरूनही तसंच दुःख ऐकू यावं, आणि नंतर कळावं की तिथे माणूसच नव्हता!

विद्यापीठात नीतिसमिती नव्हती असं नाही. सहभागींना शक्य तेवढी कल्पना द्या, मंचाचे नियम पाळा, असं तिने सुचवलंही होतं. पण तो नुसता सल्ला होता, बंधन नव्हतं. गदारोळ झाल्यावर निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरलं.

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण मला जास्त बोचतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्सच्या मूळ कोडसाठी मुद्दाम खोट असलेल्या दुरुस्त्या पाठवल्या. त्या पकडल्या जातात का, हे त्यांना पाहायचं होतं. तिथल्या समितीने हे माणसांवरचं संशोधनच नाही असं ठरवून सूट दिली. अहो, तो कोड वाचतं कोण? कुणीतरी आपला वेळ खर्चून, पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवून वाचतो. समितीला कोड दिसला, वाचणारा दिसला नाही. 2021 मध्ये लिनक्सच्या प्रमुखांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या दुरुस्त्याच बंद केल्या, आणि शोधनिबंध मागे घेतला गेला.

मग काय, संशोधनालाच दार बंद करायचं? तसं केलं तर आपलंच नुकसान आहे. त्याच 2021 साली भारतातल्या राजकीय व्हॉट्सअॅप गटांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयआयटी खरगपूरचे संशोधक त्यात होते. पाच हजारांहून अधिक खुल्या गटांतल्या वीस लाखांवर पोस्टी त्यांनी तपासल्या आणि मुसलमानांविषयी भीती पसरवणारा मजकूर शिवीगाळ न करताही कसा काम करतो, ते दाखवलं. प्रत्येक सदस्याची परवानगी मागत बसले असते तर हे काम झालंच नसतं. पण त्यांनी गटात खोटी पात्रं उभी केली नाहीत, आणि फोन नंबर लपवले. ऐकणं वेगळं आणि फसवणं वेगळं. माझ्या मते पहिली रेघ इथेच ओढली पाहिजे.

दुसरी रेघ ताकदीची. हजारो लोकांच्या राजकीय प्रचारगटाला लावायचा नियम वीस बायकांच्या गटाला लावता येत नाही. तिथे कुणी तलाकविषयी विचारते, कुणी पोटगीविषयी, कुणी हिजाब काढावासा वाटतो म्हणते. गटाची लिंक कुठेतरी उघड्यावर मिळाली, म्हणून ते बोलणं जगासाठी झालं का?

कायद्याकडून फार आशा धरू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. संशोधनालाही त्यात सूट आहे; त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेले निकष पाळायचे, एवढ्या अटींवर.

तेव्हा गट चालवणाऱ्यांनी नियमांतच लिहून ठेवावं: अभ्यासासाठी आलात तर आधी सांगा. सांगून आलेल्याला विचारावं, की डेटा कुठे ठेवणार, किती दिवसांनी पुसणार, प्रबंध छापण्याआधी आम्हाला दाखवणार का. उडवाउडवीची उत्तरं आली तर नाही म्हणायला संकोच नको.

आणि तुमच्यातले जे एमए, पीएचडी करताहेत त्यांच्यासाठी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. नाव काढलं म्हणजे माणूस लपला, असं समजू नका. खुल्या पोस्टमधलं वाक्य जसंच्या तसं छापलं तर ते शोधून खात्यापर्यंत पोहोचायला मिनिटसुद्धा लागत नाही. आपल्या शब्दांत सांगा, किंवा इंग्रजीत भाषांतर करून द्या. शोधणाऱ्याचं काम बरंच अवघड होतं. पण तेवढ्यानेही भागत नाही. तालुक्याचं नाव, शिक्षिकेची नोकरी, दोन मुली, नवरा सौदीला, एवढं लिहिलंत की गूगलला नाही कळलं तरी मोहल्ल्याला कळतं. त्यातलं काय गाळायचं, ते गाइडला विचारण्याआधी त्या बाईला विचारा.