घरी परतल्यानंतरची शुश्रूषा : स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्र आणि गोव्यातून आलेले डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघांचे प्रतिनिधी आणि घरच्या आजारी माणसाची सोय लावून येथवर आलेले कुटुंबीय, या सर्वांचे स्वागत समितीच्या आणि पुणेकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

शुश्रूषेसाठी ममता लागते तसे शिक्षणही लागते, ही जाणीव या शहराला शतकापूर्वीच झाली होती. १८६७ मध्ये येथे ससून रुग्णालय सुरू झाले आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने, स्त्रियांनी परक्या रुग्णाची सेवा करणे समाजाला रुचत नव्हते त्या काळात, त्यांच्यासाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. अशा प्रयत्नांतून रुग्णालयातील शुश्रूषेला शास्त्राची बैठक मिळाली. घरातील शुश्रूषा मात्र आजही बहुतांशी अंदाजाने चालते, आणि हीच उणीव या परिषदेच्या विषयाच्या मुळाशी आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या; लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. या वयात रुग्णालयातून घरी सोडले जाणे म्हणजे बरे होणे नव्हे. येल विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ मध्ये ‘रुग्णालयोत्तर लक्षणसमूह’ ही कल्पना मांडली. मूळ आजार आटोक्यात आल्यावरही काही काळ शरीर इतके दुबळे असते की दुसरा कोणताही आजार सहज गाठतो, असा तिचा आशय असून, मोडलेली झोप, तपासण्यांसाठी घडलेले उपवास, वेदना, गुंगी आणणारी औषधे आणि अंथरुणात पडून राहणे ही या दुबळेपणाची कारणे होत. अमेरिकेतील वृद्धांच्या शासकीय विमा योजनेत सुमारे एक पंचमांश रुग्ण ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल होत, आणि त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे पहिल्या दुखण्याहून वेगळे असे, हे त्यांनी दाखवून दिले.

नुसत्या पडून राहण्याने केवढी हानी होते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळते : निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूप्रधान ऊतींचे वजन जवळजवळ एक किलोने घटले. त्यामुळे स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेलेले आजोबा घरी आल्यावर न्हाणीघरापर्यंतही आधाराशिवाय जाऊ शकत नाहीत, तेव्हा त्याला केवळ वय कारणीभूत नसते, आणि लवकर सुरू केलेला व्यायाम व पुरेशी प्रथिने असलेला आहार यांनी गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत मिळवता येते. हीच गोष्ट तीव्र भ्रमावस्थेची. काळवेळ न कळणे, रात्री बरळणे, घरच्यांना न ओळखणे अशी तिची लक्षणे असून त्यांना म्हातारचळ म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात त्यांमागे संसर्ग, तुंबलेली लघवी, रक्तातील सोडियमची घट किंवा एखादे औषध असू शकते, आणि वेळीच उपचार झाल्यास रुग्ण सावरू शकतो. औषधांचा मेळ घालणे, म्हणजे जुन्या आणि नव्या गोळ्या डॉक्टरांपुढे एकत्र ठेवून कोणत्या चालू ठेवायच्या व कोणत्या बंद करायच्या हे ठरवून घेणे, हेही तितकेच आवश्यक आहे, कारण एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जाण्याचा धोका घरीच अधिक असतो.

हे सारे ओळखायचे कोणी? चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, रुग्ण आणि उपस्थाता, म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची सेवा करणारा. या उपस्थात्याच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता असावी, अशी तेथे अपेक्षा आहे. आजच्या घरांत ही भूमिका बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी निभावते. प्रेम तिच्याजवळ असते, पण ज्ञान तिला कोणी दिलेले नसते. डिस्चार्जचा दिवस बिल आणि विम्याची मंजुरी यांत संपतो, आणि लघवीची नळी कशी सांभाळावी, शय्याव्रण टाळण्यासाठी कूस कितीदा बदलावी, स्वतःची कंबर न दुखावता रुग्णाला कसे उठवावे, हे विचारायचे राहून जाते. पुढे झोपमोड, सुटलेली नोकरी आणि एकटेपणा यांचा जो ताण साचतो, त्याला अभ्यासक ‘शुश्रूषाभार’ म्हणतात. थकलेली उपस्थात्री आजारी पडली की घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात.

शासनाने २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना खुले केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु या योजनेत डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच धरला जातो, आणि खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला सावरायला कित्येक महिने लागतात. केरळने २००८ मध्ये परिहारक सेवेचे, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने गृहभेटींची व्यवस्था उभारली. तशी व्यवस्था महाराष्ट्राच्या गावोगावी कशी उभी करता येईल, याचा विचार या परिषदेत व्हावा, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.

व्यवस्थेत काही उणिवा आढळल्यास पाहुण्यांनी त्या मोठ्या मनाने पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती. उपस्थित सर्व रुग्णालय-प्रतिनिधींना आणखी एक आग्रहाची विनंती अशी की, येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढवाव्यात : पहिलीत घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे, आणि दुसरीत तिला काय शिकवले याची नोंद असावी.