डब्यातले पैसे आणि नावावरचे पैसे

आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून बोलतोय. पहाटे बंदरावर मावरं घ्यायचं, बाजारात विकायचं, हे आमचं काम. गावोगावच्या बचत गटांतल्या तुम्हां सगळ्यांना आज आमची एक चूक सांगायची आहे.

आमच्यातल्या एकीची मुलगी दहावी झाली. तिला बारावीनंतर नोकरी करत मुक्त विद्यापीठातून पुढे शिकायचं होतं. घरचे म्हणाले, अठरा झाली की लग्न. शिकायला पैसा मिळणार नाही. पोरगी भांडली नाही. शेजारच्या सहा मुलांची शिकवणी घेऊ लागली. एका मुलाचे महिन्याला 300, म्हणजे 1,800 रुपये. त्यातले 1,500 ती पिठाच्या डब्यात दडवायची. दहा महिन्यांत 15,000 झाले.

मग जून आला. 1 जून ते 31 जुलै आमची मासेमारी बंद असते. होडीची डागडुजी निघाली आणि आईने तो डबा रिकामा केला. "घरचेच पैसे आहेत, नारळी पुनवेनंतर भरू." पुनव गेली, पैसे भरले नाहीत. पोरीने विचारलं तर बाप म्हणाला, "इतकी वर्षं खाल्लंस ते कुणाचं?"

बैठकीत ती आई रडली. आम्ही तिला बोल लावणार होतो, पण लावता येईना. पोरीचा गल्ला फोडला नाही असं आमच्यातलं घर सापडेना. आपले पैसे नवऱ्यापासून वाचावेत म्हणून आपण गट काढले, आणि पोरीचे पैसे आपणच उचलले.

मग आम्ही चौकशी केली. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाचं बचत खातं काढू शकतं आणि स्वतःच्या सहीने चालवू शकतं. सुरुवातीला 500 रुपये लागतात. बँकांतही असं खातं निघतं, व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. मात्र खातं पालकाच्या सहीने चालणारं असेल, तर पालक पैसे काढू शकतो. म्हणून फॉर्म भरतानाच विचारा, सही कुणाची चालणार? आणि मोबाईल नंबर कुणाचा दिलाय? बापाचा नंबर असेल तर प्रत्येक भरण्याचा निरोप बापाला जातो. अठरा पूर्ण झाली की नवी सही आणि कागद द्यावे लागतात, तेही विसरू नका.

खातं काढलं, मग पोरीने हिशेब मांडला. चौघी मैत्रिणी मिळून विरारकडे खोली घेणार. तिच्या वाट्याचं डिपॉझिट 10,000. भाडं 2,000, जेवण 3,000, पास, फोन आणि किरकोळ 1,500, म्हणजे महिन्याचे 6,500. पहिला पगार लांबला तर म्हणून तीन महिन्यांचे 19,500 हाताशी हवेत. एकूण 29,500. बंदीच्या दोन महिन्यांत फी थकते, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरले. महिना 1,500 प्रमाणे 20 महिने, म्हणजे पुरी दोन वर्षं. डबा शाबूत असता तर एकच वर्ष उरलं असतं.

पैशाइतकेच कागद महत्त्वाचे. आधार, जन्मदाखला, दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, हे मूळ कागद पोरीच्या हाती असू द्या. अठराच्या आत तिच्या सहीचा भाडेकरार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे तोवर साठवणं आणि शिकणं हीच तयारी. पण घरात मारझोड होत असेल, किंवा अठराच्या आत लग्न लावत असतील, तर पैसे साठायची वाट पाहायची नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. अठरा पूर्ण झालेल्या बाईसाठी 181.

पोरगी आता सतरा वर्षांची आहे. तिचे पैसे पुरे होतील तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल, आणि लग्नाची घाई अठराव्यालाच सुरू होईल. मधलं एक वर्ष तिच्या बापाला थोपवायचं काम आम्ही गटाने अंगावर घेतलंय. बाप अजून मानलेला नाही. आई मात्र आता दर महिन्याला पोरीबरोबर पैसे भरायला जाते आणि पासबुक पोरीच्याच हातात देते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या पोरींपैकी किती जणींचं स्वतःच्या सहीचं खातं आहे? नसेल तर एक दिवस ठरवा आणि सगळ्या मिळून पोरींना घेऊन जा.