कडेच्या रोपांचा उजेड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी प्रकाशाचा नियम आम्हांला कंदील आणि कोरा कागद घेऊन शिकविला होता: अंतर दुप्पट, तर उजेड चौथाई. तो मला पाठ होता. कळला मात्र पन्नाशीनंतर, आणि तोही मिरचीच्या रोपांनी शिकविला तेव्हा.

पाळीच्या पावसाळ्याचे आपणांस मी काय सांगावे! आषाढात आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. म्हणून मी खोलीतल्या चार फुटी चौरस फळीवर रोपे लावली आणि मधोमध, फूटभर उंचीवर, एकच प्रखर एलईडी दिवा टांगला. पंधरवड्यात मधली पाने करपली; कडेची रोपे उजेडाच्या ओढीने लांबट, किरकोळ होऊन आत वाकली. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण समईची; माझ्या घरी अंधार कडेला होता.

कुळागरातही पोफळींखाली उजेडाचे कवडसेच पडतात. परंतु सूर्य सरकतो, तसे कवडसेही सरकतात. टांगलेला दिवा सरकत नाही.

हिशेब मी आधीच करावयास हवा होता. लहान दिव्याच्या थेट खाली १०० एकक उजेड धरला, तर फूटभर बाजूला केवळ अंतरामुळे तो निम्मा होतो. शिवाय किरण तिरपे पडतात आणि दिव्याचा झोतही बाजूला क्षीण असतो, म्हणून उरतात सुमारे २५. दिवा दोन फुटांवर नेला, तर खाली २५ व बाजूला १६. समता आली, तीव्रता गेली! तेव्हा एका मोठ्या दिव्याऐवजी अनेक लहान दिवे हवेत, आणि तेही कडेला अधिक दाट. कारण मधल्या रोपाला चहूंकडून उजेड मिळतो, कडेच्याला एकाच अंगाने. भिंतींना पांढरा चुना दिला, तर बाहेर जाणारा काही उजेड परततो.

मग फळीवर वीतभराचे चौकोन आखून प्रत्येकात मोजावे. लक्समापक माणसाच्या डोळ्याच्या कलाने मोजतो, पानाच्या नव्हे; तरी दिवे एकाच जातीचे असल्यास तुलनेपुरता तो चालतो. रोपांना दर चौरस मीटरवर सेकंदाला २०० मायक्रोमोल उजेड १४ तास दिला, की दिवसाचे सुमारे १० मोल होतात. मात्र हा आकडा फळीच्या मध्यावरचा धरू नये.

यंदा मी बारा दिवे टांगले आहेत. सर्वांत कमी आकडा अजून खिडकीकडच्या कोपऱ्यातच येतो. तेथला दिवा उद्या चार बोटे कडेला सरकविणार आहे.