जस्ती नळ आणि खारा वारा



रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास किनाऱ्याच्या रस्त्यानें जाणाऱ्यास आरे-वारे येथें टेकडीवरून दोन जुळ्या पुळणी दिसतात. प्रवाशास तेथील वारा सुखद वाटतो. लोखंडाचा मात्र तो वैरी आहे. फुटणाऱ्या लाटांतून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण तो आपल्याबरोबर आणतो. हे कण खिडकीच्या गजांवर आणि पंपाच्या नळांवर बसतात, हवेंतील ओल धरून ठेवतात आणि गंजास प्रारंभ होतो. अशा ठिकाणीं घर बांधणाऱ्यानें नळ कोणता घ्यावा, हा प्रश्न साधा दिसतो. पण निवड चुकली तर भिंती फोडण्याची पाळी येते.

बाजारांत ज्यास जी. आय. पाइप म्हणतात, तो जस्ताचा लेप दिलेला पोलादी नळ होय. पोलादाची पट्टी गोल वाकवून तिच्या कडा विजेच्या साहाय्यानें सांधल्या कीं नळ तयार होतो. भारी दाबाच्या कामांसाठीं बिनसांध्याचेही नळ करतात. मग तो आम्लांत धुऊन स्वच्छ करतात, जस्त व नवसागर यांपासून केलेल्या क्षाराच्या द्रावणांत बुडवितात आणि शेवटीं सुमारें ४५० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या वितळलेल्या जस्तांत सोडतात. फ्रान्समध्यें मालुआँ यानें १७४२ सालीं ही रीत वर्णिली आणि सोरेल यानें १८३७ सालीं तिचें पेटंट घेतलें.

रंग आणि जस्त यांत मोठा भेद आहे. रंगाचा पापुद्रा उडाला कीं त्याखालून गंज पसरतो. जस्तावर लहानसा ओरखडा पडला, तर भोवतालचें जस्त आधीं झिजतें आणि उघड्या पोलादास वांचवितें. मात्र हें रक्षण जस्त शिल्लक असेपर्यंतच टिकतें.

भारतीय मानकाप्रमाणें या नळांच्या तीन प्रती आहेत: हलकी, मध्यम आणि जड. त्यांवर अनुक्रमें पिवळा, निळा व तांबडा पट्टा असतो. १५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंची, नळाची जाडी हलक्या प्रतींत २, मध्यमांत २.६ आणि जडांत ३.२ मिलिमीटर असते. हलका नळ मांडवाच्या व कुंपणाच्या सांगाड्यास पुरतो. मध्यम नळ घरगुती पाण्यास व हातपंपास लागतो. जड नळ आग विझविण्याच्या यंत्रणेंत आणि कारखान्यांतील दाबाखालील पाण्यास व हवेस योजितात. इमारतींच्या परांचीसही असेच नळ वापरतात.

आतां थोडा हिशेब पाहूं. आटे पाडून जोडावयाच्या नळावर दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम जस्त असेल, तर त्या थराची जाडी सुमारें ५६ मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण हवेंत वर्षाला एक मायक्रॉन जस्त झिजलें, तर तें पन्नासाहून अधिक वर्षें पुरेल. खाऱ्या किनाऱ्यावर ही झीज वर्षाला चार ते आठ मायक्रॉनपर्यंत जाते. मग तोच थर सात ते चौदा वर्षांत संपतो. नळ तोच, पण जागा बदलली कीं त्याचें आयुष्य बदलतें.

म्हणून किनाऱ्यावरील गृहस्थानें कांहीं पथ्यें पाळावीं. आटे पाडतांना तेथील जस्त निघून जातें. सांध्याबाहेर उघडे राहिलेले आटे जस्ताची पूड असलेल्या रंगानें झांकावे. उघड्या नळावरील मीठ पाऊस धुऊन नेतो, पण वळचणीखालीं तो पोंचत नाहीं. तेथील नळ अधूनमधून गोड्या पाण्यानें धुवावे. विहिरीचें पाणी आधीं तपासून घ्यावें, कारण आम्लधर्मी पाणी जस्तास आंतून खातें. जस्ती नळास तांब्याचा नळ थेट जोडूं नये. नळाचें वेल्डिंग कधींही बंद खोलींत करूं देऊं नये; जस्ताच्या धुरानें कारागिरास ताप भरतो.

भिंतींत किंवा जमिनींत गाडावयाचे थंड पाण्याचे नळ किनाऱ्यावर प्लास्टिकचेच बरे. जेथें धक्का, भार वा आग यांस तोंड द्यावयाचें असेल, तेथें जस्ती नळ घ्यावा. पण तो तांबड्या पट्ट्याचा असावा आणि त्यावर रंगाचा हात द्यावा. दुकानांत भावाआधीं पट्ट्याचा रंग पाहावा. स्वस्त म्हणून घेतलेला पिवळ्या पट्ट्याचा नळ खाऱ्या वाऱ्यांत अखेर महागच पडतो.